कंपनीला कळलं, म्हणजे नेमकं कुणाला कळलं?

(जळगाव आणि धुळे इथल्या श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे. श्रोत्यांचे निवडक प्रश्न शेवटी दिले आहेत.)



आजचा विषय ऐकून काहींना प्रश्न पडला असेल, की आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं नोटीस, समन्स, बेलिफ या भानगडीत का पडावं? हा तर वकिलांचा प्रांत. कबूल. खटला कसा लढवायचा हे मी सांगणार नाही, त्यासाठी तुमचे वकील आहेत. मला एका लहानशा क्रियापदात रस आहे : ‘कळवणे’. माणसाला कळवणं समजण्यासारखं आहे. त्याला घर असतं, कान असतात, नोटीस हातात दिली तर चेहरा उतरलेलाही दिसतो. पण ‘अमुक अमुक प्रायव्हेट लिमिटेड’ला कान नाहीत, चेहरा नाही. मग तिला कळवलं असं आपण कधी म्हणू शकतो?

हा प्रश्न पुस्तकी नाही. समजा, चोपड्याच्या एका शेतकऱ्यानं कापसाचं बियाणं घेतलं आणि ते उगवलंच नाही. धुळ्याच्या एका व्यापाऱ्याला कंपनीनं दिलेला चेक वटला नाही. जळगावच्या एखाद्या ताईंनी घेतलेलं यंत्र महिनाभरात बंद पडलं. तिघांचीही बाजू खरी आहे असं धरून चालू. तरी या तिघांची गाडी पहिल्याच पायरीवर अडू शकते, आणि ती पायरी म्हणजे समोरच्या कंपनीला रीतसर कळवणं. बाजू खरी असूनही नोटीस चुकीच्या नावानं किंवा चुकीच्या पत्त्यावर गेली, म्हणून वर्षंच्या वर्षं जातात. म्हणून आज या एकाच पायरीवर बोलायचं.

कंपनी नावाची व्यक्ती

खानदेशाला कंपनी हा शब्द नवा नाही. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि खानदेश ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात गेला. पुढे १८५८ पर्यंत, म्हणजे चाळीस वर्षं, आपल्यावर अक्षरशः एका कंपनीचं राज्य होतं. तिचं मुख्य कार्यालय लंडनमध्ये लेडनहॉल स्ट्रीटवर. धुळ्याच्या कुणब्याला या कंपनीचं काही चुकलं असं वाटलं, तर त्याला दिसायचा तो कलेक्टर आणि त्याचा कारकून. कंपनी त्याला कधी दिसलीच नाही. आपण आजही ‘कंपनीनं असं केलं’, ‘कंपनी ऐकत नाही’ असं बोलतो. जणू कुणी हट्टी बाई आहे. ही भाषा उगाच आलेली नाही. कायदाही असंच बोलतो.

इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सनं १८९६ मध्ये सॉलोमनच्या खटल्यात ही गोष्ट पक्की केली. सॉलोमन हा जोडे बनवणारा व्यापारी. त्यानं स्वतःच्या धंद्याची कंपनी केली. जवळजवळ सगळे शेअर त्याचेच, बाकीचे सहा घरच्या माणसांच्या नावावर एकेक. कंपनी बुडाली तेव्हा देणेकरी म्हणाले, की कंपनी म्हणजे सॉलोमनच. न्यायालय म्हणालं, नाही. कायद्यानं नोंदलेली कंपनी ही सॉलोमनपेक्षा वेगळी व्यक्ती आहे. मर्यादित दायित्व यातूनच येतं : कंपनीचं कर्ज हे कंपनीचं, भागधारकाचं नव्हे.

आपल्याला ही कल्पना परकी वाटायचं कारण नाही. देवळातली मूर्ती ही कायद्याच्या दृष्टीनं व्यक्ती आहे, तिच्या नावावर जमीन असू शकते, ती दावा लावू शकते. प्रिव्ही कौन्सिलनं १९२५ मध्ये कलकत्त्याच्या एका प्रकरणात तर मूर्तीच्या स्वतंत्र इच्छेचाही विचार केला. पण मूर्तीच्या वतीनं कुणी तरी बोलावं लागतं, तिथे सेवेकरी किंवा विश्वस्त असतो. कंपनीच्या वतीनं संचालक बोलतात.

इथे अमळनेरची आठवण होते. श्रीमंत प्रताप शेठ यांनी तिथे कापडाची गिरणी चालवली आणि त्याच गावात १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. देशभरातून अभ्यासक तिथे येऊन राहत, आत्मा म्हणजे काय, ‘मी’ म्हणजे कोण, यावर वाद घालत. शेजारी गिरणीचा भोंगा वाजायचा. मला नेहमी वाटतं, की त्या अभ्यासकांनी ‘मी कोण’ सोबत ‘गिरणी कोण’ हाही प्रश्न घ्यायला हवा होता. यंत्रं म्हणजे गिरणी नव्हे, कामगार म्हणजे गिरणी नव्हे, शेठ म्हणजेही गिरणी नव्हे. सगळं बदललं तरी ती कायद्यात तीच राहते. आणि देह नसलेल्या या व्यक्तीला गाठायचं कुठे, हा आपला प्रश्न आहे.

देह नाही, पण दार आहे

कायद्यानं यावर एक सरळ तोडगा काढला. तो म्हणाला : तुला देह नको, पण दार हवं. त्या दाराचं नाव नोंदणीकृत कार्यालय. कंपनी कायदा २०१३, कलम १२. कंपनी स्थापन झाल्यापासून तीस दिवसांत आणि त्यानंतर कायम तिचं एक नोंदणीकृत कार्यालय असलंच पाहिजे. नुसती पाटी नव्हे. तिला उद्देशून येणारी पत्रं आणि नोटिसा स्वीकारण्याची आणि पोच देण्याची क्षमता त्या जागेत असली पाहिजे. बाहेर नाव आणि पत्ता लावलेला हवा, आणि त्या भागात चालणाऱ्या भाषेतही हवा. म्हणजे जळगाव-धुळ्यात मराठीत. पत्ता बदलला तर तीस दिवसांत निबंधकाला कळवायचं. हे न पाळल्यास रोज एक हजार रुपये, कमाल एक लाखापर्यंत दंड. २०१९ च्या दुरुस्तीनं निबंधकाला प्रत्यक्ष जाऊन जागा तपासण्याचाही अधिकार दिला, कारण कागदावर पत्ता आणि जागेवर कुलूप अशा कंपन्या फार झाल्या होत्या.

याच कायद्याचं कलम २० सांगतं, की कंपनीला कागद द्यायचा तर नोंदणीकृत कार्यालयाच्या पत्त्यावर कंपनीच्या किंवा तिच्या अधिकाऱ्याच्या नावे रजिस्टर टपालानं, स्पीड पोस्टानं, कुरियरनं पाठवा, किंवा तिथे नेऊन ठेवा. ठरवून दिलेल्या इलेक्ट्रॉनिक मार्गानंही पाठवता येतो. दाव्याचं समन्स असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेचा २९ वा आदेश लागतो. त्यानुसार समन्स सचिव, संचालक किंवा प्रमुख अधिकाऱ्यावर बजावता येतं, किंवा नोंदणीकृत कार्यालयात ठेवता अथवा पाठवता येतं. नोंदणीकृत कार्यालयच नसेल, तर जिथे कंपनी धंदा करते तिथे.

म्हणजे दोन वाटा आहेत. एक माणसाची, एक जागेची. माणसाच्या वाटेवर तो माणूस ‘मी आता कंपनीत नाही’ म्हणू शकतो. जागा तसं म्हणू शकत नाही. म्हणून सामान्य माणसानं जागेची वाट धरावी आणि माणसाची वाट जोडीला ठेवावी.

दार शोधायचं कसं

आता व्यवहारात येऊ. बिल हातात घ्या. वर मोठ्या अक्षरात असतं ते बहुतेक वेळा ब्रँडचं नाव. ब्रँडला नोटीस पाठवून उपयोग नाही. खाली बारीक अक्षरात पाहा : ‘प्रायव्हेट लिमिटेड’, ‘लिमिटेड’ किंवा ‘एलएलपी’ असं शेवटी असलेलं पूर्ण नाव. कंपनीच्या बिलावर आणि पत्रावर तिचा एकवीस अक्षरांचा ओळख क्रमांक छापणं बंधनकारक आहे. त्याला सी.आय.एन. म्हणतात. हा क्रमांक वाचायला शिका, अवघड नाही. पहिलं अक्षर ‘एल’ असेल तर शेअर बाजारात नोंदलेली, ‘यू’ असेल तर न नोंदलेली. मग पाच आकडे धंद्याचे. मग दोन अक्षरं राज्याची. मग चार आकडे स्थापनेच्या वर्षाचे. मग तीन अक्षरं प्रकाराची, आणि शेवटी सहा आकडे नोंदणीचे. आपल्या बांभोरीला नोंदणीकृत कार्यालय असलेल्या जैन इरिगेशनचा क्रमांक पाहिला तर त्यात ‘एल’ दिसेल, महाराष्ट्राचं ‘एमएच’ दिसेल आणि १९८६ हे वर्ष दिसेल. एका ओळीत कंपनीची जन्मपत्रिका.

हा क्रमांक किंवा पूर्ण नाव घेऊन केंद्र सरकारच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीची मूळ माहिती पाहता येते. तिथे नोंदणीकृत पत्ता असतो, ई-मेल असतो, आणि कंपनी चालू आहे की नोंदवहीतून काढलेली आहे हेही असतं. नोटीस पाठवायच्या दिवशीच ही माहिती पाहा आणि छापून ठेवा. तारखेसह. पुढे ‘आमचा पत्ता वेगळा होता’ असं कुणी म्हणालं तर हा कागद बोलेल.

पाटी एकसारखी दिसली तरी आतली व्यक्ती वेगळी असू शकते, हेही लक्षात घ्या. एकट्याच्या मालकीचं दुकान असेल तर दुकानाचं नाव ही व्यक्तीच नाही, नोटीस मालकाला त्याच्या नावानं. भागीदारी पेढी असेल तर एखाद्या भागीदारावर किंवा पेढीच्या मुख्य जागी कारभार पाहणाऱ्यावर समन्स बजावता येतं. एलएलपीला २००८ चा स्वतंत्र कायदा आहे, पण तिथेही नोंदणीकृत कार्यालय हेच दार. आणि पतसंस्था? जळगाव जिल्ह्याला हा शब्द ऐकूनच धस्स होतं, कितीक ठेवीदारांचे पैसे तिथे अडकले. पतसंस्था ही कंपनी नव्हे. राज्याच्या १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखाली नोंदलेली संस्था असेल, तर तिच्या कामकाजाबाबत दावा लावण्याआधी कलम १६४ प्रमाणे निबंधकाला दोन महिन्यांची लेखी नोटीस द्यावी लागते. अनेक राज्यांत काम करणाऱ्या संस्थांना केंद्राचा वेगळा कायदा आहे. म्हणजे कुणाविरुद्ध आहोत हे आधी ओळखायचं, मग दार.

दार एकीकडे, न्यायालय दुसरीकडे

लोक इथे गोंधळतात. कंपनीचं दार हैदराबादला आहे, म्हणजे मला हैदराबादला जाऊन भांडावं लागेल, असं त्यांना वाटतं आणि ते तिथेच सोडून देतात. नोटीस कुठे पाठवायची आणि दाद कुठे मागायची, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा जुलै २०२० पासून लागू झाला. त्यानं मोठा बदल केला : तक्रारदार जिथे राहतो किंवा जिथे काम करून कमावतो, तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे धुळ्याच्या माणसानं धुळ्यात, जळगावच्या माणसानं जळगावात. मोबदला पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. बियाण्याच्या बाबतीत शेतकरी हा ग्राहकच आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे. तेव्हा नोटीस हैदराबादला जाईल, पण तारखेला यावं लागेल कंपनीला, चोपड्याच्या शेतकऱ्याला नव्हे.

दिवाणी दाव्याचा नियम जरा वेगळा आहे. तिथे कंपनी आपल्या मुख्य कार्यालयाच्या ठिकाणी धंदा करते असं धरतात. पण व्यवहार जिथे घडला तिथे तिची शाखा असेल, तर त्या व्यवहारापुरती ती तिथे आहे असं धरलं जातं. पटेल रोडवेजच्या प्रकरणात १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे उलगडून सांगितलं. याशिवाय दाव्याचं कारण जिथे घडलं ती जागाही असतेच. ते बारकावे वकिलाकडून समजून घ्या.

पाकीट परत आलं तर

आता मी माझ्या प्रांतात येतो. तुम्ही नोटीस पाठवली आणि पाकीट परत आलं. त्यावर पोस्टमनचा शेरा : ‘घेण्यास नकार’, ‘कुलूप’, ‘सोडून गेले’, ‘अपुरा पत्ता’. कंपनीला कळलं की नाही?

कायद्याचं उत्तर १८९७ च्या साधारण परिभाषा कायद्याच्या कलम २७ मध्ये आहे. पत्ता बरोबर लिहिला, टपालखर्च भरला, रजिस्टर करून टाकलं, तर नेहमीच्या क्रमानं ते जेव्हा पोचलं असतं तेव्हा पोचलं असं मानायचं, उलट सिद्ध होईपर्यंत. मराठीत आपण ‘मानीव’ म्हणतो. फ्लॅटवाल्यांना मानीव अभिहस्तांतरण माहीत आहे, तशी ही मानीव बजावणी.

काहींना हे अन्यायाचं वाटतं. पोचलंच नाही ते पोचलं कसं मानायचं? पण आपल्या न्यायदर्शनाच्या चष्म्यातून पाहा. धूर दिसला की अग्नी आहे असं आपण अनुमान करतो, कारण धूर आणि अग्नी यांची व्याप्ती आहे, म्हणजे कायमची संगत आहे. उलट करून पाहा : अग्नी आहे म्हणून धूर असेलच का? तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर निघायला सरपण ओलं लागतं. ही जी लपलेली अट, तिला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात. उपाधी सापडली की अनुमान ढासळतं.

आता नोटिशीकडे या. ‘पत्र टाकलं म्हणजे पोचलं’ हे अनुमान तसंच्या तसं खरं नाही. त्यात एक उपाधी लपलेली आहे : पत्ता बरोबर असणं. पत्ता बरोबर असेल तर अनुमान टिकतं. नसेल तर कितीही पाकिटं टाका, काही सिद्ध होत नाही. शेऱ्यांकडेही याच नजरेनं पाहा. ‘घेण्यास नकार’ हा सगळ्यात भक्कम शेरा. दार होतं, माणूस होता, त्यानं हात मागे घेतला. ‘कुलूप’ हा मधला. ‘अपुरा पत्ता’ हा तुमच्या विरुद्ध जाणारा, कारण चूक पाठवणाऱ्याची दिसते. आणि ‘सोडून गेले’ या शेऱ्यात एक गंमत आहे. माणूस घर सोडून गेला तर आपण त्याला दोष देत नाही. पण कंपनी निबंधकाकडे जो पत्ता नोंदवून बसली आहे तिथून ‘सोडून गेली’ असेल, तर दोष तिचा. तिनंच जगाला सांगितलं होतं की मला इथे गाठा.

चेकच्या प्रकरणांत याचा कस लागतो. चेक न वटल्याचं बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत लेखी मागणीची नोटीस गेली पाहिजे. ती मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत, तर पुढच्या एक महिन्यात तक्रार. नोटीस चुकवणाऱ्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे अलवी हाजी प्रकरणात आला. २००७ मध्ये न्यायालयानं सांगितलं, की बरोबर पत्त्यावर रजिस्टर टपालानं पाठवलेली नोटीस पोचली असं धरता येतं. आणि पुढे एक फार शहाणी गोष्ट सांगितली : ज्याला खरोखर नोटीस मिळाली नव्हती, त्यानं न्यायालयाचं समन्स मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे भरून टाकावेत. म्हणजे प्रामाणिक माणसाला वाट मोकळी ठेवली, आणि नुसती सबब सांगणाऱ्याची बंद केली.

चेक कंपनीचा असेल तर नोटीस कंपनीच्या नावे हवीच. २०१२ च्या अनीता हाडा निकालापासून हे पक्कं आहे, की कंपनीला आरोपी केल्याशिवाय संचालकांवर खटला चालत नाही. २०१९ मध्ये न्यायालयानं सांगितलं, की कंपनीला नोटीसच न देता फक्त संचालकाला दिली तर तक्रार टिकत नाही. उलट २०१५ मध्ये सांगितलं होतं, की कंपनीला दिली असेल तर प्रत्येक संचालकाला वेगळी देण्याची सक्ती नाही. बघा, सॉलोमनचं तत्त्व इथे आपल्या व्यापाऱ्याच्या पाकिटावर येऊन बसलं. ओळखीच्या संचालकाचं नाव लिहिलं आणि कंपनीचं राहिलं, तर त्या एका ओळीनं अख्खी रक्कम हातची जाऊ शकते.

घाई करणाऱ्याचं नुकसान

काही जण म्हणतात, बरंच झालं, कंपनी आली नाही तर एकतर्फी निकाल मिळेल. थांबा. दिवाणी संहितेत नवव्या आदेशाचा तेरावा नियम आहे. समन्स रीतसर बजावलं नव्हतं असं प्रतिवादीनं दाखवलं, तर एकतर्फी हुकूमनामा रद्द होतो. मुदत तीस दिवसांची, पण समन्स नीट बजावलेलं नसेल तर ती हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून मोजतात. म्हणजे तुम्ही वसुलीला जाल, तेव्हा कंपनी म्हणेल, आम्हाला आजच कळलं. आणि तीन वर्षांनी तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर. मात्र त्याच नियमात असंही आहे, की बजावणीत किरकोळ त्रुटी असली तरी प्रतिवादीला तारीख माहीत होती आणि हजर राहायला पुरेसा वेळ होता, तर केवळ त्या त्रुटीवर हुकूमनामा रद्द होत नाही. कायदा इथे बारीक भेद करतो : न कळणं वेगळं, आणि कळून न कळल्याचं सोंग वेगळं.

ग्राहक आयोगातही हे महत्त्वाचं आहे. तिथे कंपनीला म्हणणं मांडायला तीस दिवस, फार तर आणखी पंधरा. त्यापुढे एक दिवसही नाही, असं पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं मार्च २०२० मध्ये ठरवलं. पण ते दिवस मोजायचे कधीपासून? तक्रारीच्या प्रतीसह नोटीस मिळाल्यापासून. बजावणी नीट झाली तर ही मुदत तुमच्या बाजूनं धावते. नाही झाली तर ती सुरूच होत नाही.

दाराच्या आतल्या माणसांसाठी

या सभेत जळगाव आणि धुळ्याच्या औद्योगिक वसाहतींतले लहान कारखानदारही आहेत. डाळमिल, चटई, पाइप, तेल. तुमच्यापैकी अनेकांनी प्रायव्हेट लिमिटेड किंवा एलएलपी काढली. नोंदणीचा पत्ता म्हणून सी.ए.चं ऑफिस दिलं, नाही तर भाड्याचा जुना गाळा, नाही तर वडिलांचं घर. मग कारखाना हलला आणि पत्ता तिथेच राहिला. तुम्ही कुणाला फसवायला निघालेला नाहीत. पण त्या जुन्या दारावर एखादं समन्स येऊन परत जाईल आणि तुम्हाला पहिल्यांदा कळेल ते जप्तीच्या वेळी. वर्षातून एकदा आपलीच माहिती मंत्रालयाच्या संकेतस्थळावर उघडून पाहा. पत्ता, ई-मेल, दोन्ही जिवंत आहेत का? जुन्या जागी कुणी तरी पत्र घेऊन फोन करेल अशी व्यवस्था आहे का? मर्यादित दायित्व हे कायद्यानं दिलेलं मोठं कवच आहे. त्याच्या बदल्यात त्यानं मागितलं ते फक्त एक उघडं दार.

आणि आता मुद्द्याचं. नोटीस म्हणजे धमकी, असा आपला समज आहे. घरी नोटीस आली की घरातल्यांची झोप उडते. खरं तर नोटीस हा समोरच्याचा मान आहे. दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय निर्णय द्यायचा नाही, हे न्यायाचं पहिलं तत्त्व. आणि ऐकायचं तर आधी कळवलं पाहिजे. ज्या कंपनीनं आपल्याला छळलं असं आपल्याला वाटतं, तिलासुद्धा बोलण्याची संधी आपणच द्यायची, स्वतःच्या खर्चानं, बरोबर पत्त्यावर. यात दुबळेपणा नाही. उलट ती संधी नीट दिली, की नंतर तिनं गप्प बसणं हेच तिच्या विरुद्ध जातं. लहान माणसाच्या हातात मोठ्या कंपनीपुढे फार हत्यारं नसतात. नीट दिलेली नोटीस हे त्यांतलं एक आहे.

आता प्रश्न घेऊ.

प्रश्न : सर, कंपनीच्या गेटवर वॉचमन पाकीट घेतच नाही. मग काय?

हा नेहमीचा अनुभव. टपालानं गेलं असेल तर पोस्टमन ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारतो, तो जपून ठेवा, पाकीट फोडू नका, तसंच बंद न्यायालयात द्या. न्यायालयाचा बेलिफ गेला आणि कुणी सही देईना, तर तो दारावर समन्स डकवून तसा अहवाल देऊ शकतो, आणि न्यायालय त्याला शपथेवर विचारू शकतं. तेही जमलं नाही तर न्यायालयाच्या परवानगीनं वृत्तपत्रात जाहीर नोटीस. ती कंपनीचा शेवटचा माहीत असलेला धंदा जिथे होता, त्या भागात खपणाऱ्या दैनिकात हवी. हा शेवटचा मार्ग आहे, पहिला नव्हे.

प्रश्न : मी डीलरकडून माल घेतला. नोटीस डीलरलाच दिली तर कंपनीला दिल्यासारखं होत नाही का?

नाही, भाऊ. डीलर बहुतेक वेळा स्वतंत्र व्यापारी असतो. त्याच्या दुकानावर कंपनीची पाटी असली तरी तो कंपनीचं दार नाही. दोघांनाही द्या, वेगवेगळ्या पाकिटांत, वेगवेगळ्या पत्त्यांवर. ग्राहक तक्रारीत दोघांनाही पक्षकार करता येतं. तक्रारीआधी वकिलाची नोटीस दिलीच पाहिजे असं ग्राहक कायदा म्हणत नाही, पण द्यावी. अनेक वाद तिथेच मिटतात.

प्रश्न : व्हॉट्सअॅपवर पाठवलेली नोटीस चालते का?

मुंबई उच्च न्यायालयानं २०१७ मध्ये क्रॉस टेलिव्हिजनच्या प्रकरणात, एका कन्नड चित्रपटाच्या निर्मात्यांबाबत, ई-मेल आणि व्हॉट्सअॅपवरून कळवलेलं पुरेसं मानलं, कारण ते बजावणी टाळत होते. २०१८ मध्ये एका बँक कार्डाच्या वसुलीत पीडीएफ उघडल्याची निळी खूण न्यायालयानं लक्षात घेतली. करोनाच्या काळात सर्वोच्च न्यायालयानंही हे मार्ग मोकळे केले. तरी माझं सांगणं असं, की व्हॉट्सअॅप हे जोडीला ठेवा. मुख्य पाकीट टपालानंच जाऊ द्या, कंपनीनं नोंदवलेल्या पत्त्यावर. २०२५ पासून टपाल खात्यानं रजिस्टर सेवा स्पीड पोस्टात सामावून घेतली आहे, तेव्हा खिडकीवर पोचपावतीसह पाठवायचं आहे असं स्पष्ट सांगा.

प्रश्न : संकेतस्थळावर कंपनी ‘नोंदवहीतून काढली’ असं दिसतंय. मग पैसे गेले का?

लगेच तसं समजू नका. २०१७ मध्ये एका वर्षात दोन लाखांहून जास्त कंपन्यांची नावं अशी काढली गेली. नाव काढलं तरी संचालकांची जबाबदारी संपत नाही, कायद्यात तसं स्पष्ट आहे. देणेकऱ्याला राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून वीस वर्षांच्या आत कंपनी पुन्हा नोंदवहीवर आणण्यासाठी कंपनी न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा दावे थांबतात आणि आपला हक्क नेमलेल्या व्यावसायिकाकडे ठरलेल्या मुदतीत नोंदवावा लागतो. म्हणून पुन्हा सांगतो : पाकिटावर पत्ता लिहिण्याआधी कंपनीची आजची अवस्था पाहा. पाच मिनिटांचं काम आहे.